धर्माचे मागणे



पारमार्थिक मासिकात जगाच्या राजकारणाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. शंका रास्त आहे. पण आपण राजकारणाकडे गेलो नाही तरी ते आपल्याकडे आलेले आहे. दिंडी मुक्कामाला पोचते, हातपाय धुऊन होतात, हरिपाठाला अजून अवकाश असतो, तेवढ्यात कोणीतरी मोबाइल उघडून दूरदेशीच्या युद्धाची बातमी वाचून दाखवतो. बातमी संपता संपता एक वाक्य हमखास येते : "आता जगात धर्माधर्माचीच लढाई व्हायची, ज्याने त्याने आपापला झेंडा धरावा." ऐकणारे मान डोलावतात, आणि मग टाळ हातात घेतात.

हे वाक्य गावच्या पारावर जन्मलेले नाही. त्याला विद्वत्तेची वंशावळ आहे. तीसएक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका प्राध्यापकाने ते ग्रंथरूपाने मांडले. तिथून ते वर्तमानपत्रांत, मग भाषणांत आणि आता मोबाइलवर अशा पायऱ्या उतरत आपल्या राहुटीपर्यंत पोचले आहे. म्हणून त्या ग्रंथाचीच परीक्षा करू. आपल्याकडील जुनी रीत अशी की, खंडन करण्याआधी पूर्वपक्ष पूर्ण मांडावा. आणि तो इतका प्रामाणिकपणे मांडावा की, ज्याचा पक्ष आहे त्याने ऐकून "होय, मी हेच म्हणतो" अशी कबुली द्यावी.

पूर्वपक्ष असा. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. अमेरिका आणि रशिया यांच्या दोन छावण्यांत विभागलेले जग एकाएकी मोकळे झाले. फ्रान्सिस फुकुयामा या विद्वानाचे म्हणणे पडले की, विचारांची लढाई आता संपली, उदारमतवादी लोकशाही हाच शेवटचा मुक्काम. हार्वर्ड विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांना हे पटले नाही. १९९३ मध्ये त्यांनी एका नियतकालिकात लेख लिहिला, त्याचा मथळा होता 'संस्कृतींचा संघर्ष?'. १९९६ मध्ये त्याचा ग्रंथ झाला. लेखाच्या मथळ्यात प्रश्नचिन्ह होते, ग्रंथाच्या नावातून ते गळाले. एवढ्या एका खुणेवरूनही पुढचा प्रवास कळतो.

हंटिंग्टन म्हणतात, यापुढे माणसाला 'तू कोणाच्या बाजूचा' असे कोणी विचारणार नाही. 'तू कोण' असे विचारतील. या प्रश्नाचे सर्वांत खोल उत्तर धर्म देतो. त्यांनी जगाचे सात-आठ वाटे केले : पाश्चात्त्य, चिनी, जपानी, इस्लामी, हिंदू, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, लॅटिन अमेरिकी आणि कदाचित आफ्रिकी. पुढची मोठी भांडणे या वाट्यांच्या बांधावर होतील, असे त्यांचे भाकीत. एका वाट्याच्या आतही भांडणे होतील, पण ती कमी तीव्र असतील आणि कमी पसरतील, असेही त्यांनी सांगितले.

या पक्षात बळ नाही असे समजू नका. आधुनिक शिक्षण आणि यंत्रे आली की धर्म आपोआप मागे पडेल, असे त्या पिढीतील पुष्कळ विद्वान धरून चालले होते. १९७९ च्या इराणमधील क्रांतीने तो समज हलवला होता. माणसाला भाकरीइतकीच ओळखही लागते, हे हंटिंग्टन यांनी ठामपणे सांगितले. ग्रंथ लिहिला जात असताना बोस्नियात ऑर्थोडॉक्स सर्ब, कॅथलिक क्रोएट आणि मुसलमान बोस्नियाक एकमेकांच्या जिवावर उठले होते. बोली जवळपास एक, गल्ली एक, सोयरिकीही झालेल्या. आणि तरी साराजेव्हो शहराला वेढा पडला, जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. असे दृश्य समोर असताना 'धर्माच्या बांधावर रक्त सांडते' असे म्हणणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला, तेव्हा हा ग्रंथ पुन्हा घरोघरी गेला. ज्यांना युद्ध हवे होते त्या दोन्ही बाजूंच्या लोकांना तो सोयीचा वाटला. गंमत अशी, की इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महंमद खातमी यांच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी तेच २००१ साल 'संस्कृतींमधील संवादाचे वर्ष' म्हणून ठरवलेले होते. संवादाचे वर्ष आज कोणाच्या लक्षात नाही, संघर्षाचा ग्रंथ मात्र सर्वांच्या तोंडी आहे.

आता उत्तरपक्ष. हंटिंग्टन यांच्यावर टीका पुष्कळांनी केली. एडवर्ड सैद यांनी २००१ मध्येच लिहिले की, हा संस्कृतींचा नसून अज्ञानाचा संघर्ष आहे. अमर्त्य सेन यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, एका माणसाच्या ओळखी अनेक असतात, त्यातली एकच उचलून त्याच्या कपाळी मारणे हीच हिंसेची सुरुवात आहे. आणि एवढे मुसलमान ज्या देशात राहतात त्या भारताला एका 'हिंदू' खान्यात बसवताना ग्रंथकाराने काय गमावले, हेही विचारले. या टीका योग्यच आहेत. पण माझा आक्षेप निराळा आहे, आणि वारकऱ्याला तो समजायला जड जाणार नाही.

आक्षेप असा : या ग्रंथाला धर्माचे नाव कळते, धर्माचे मागणे कळत नाही. जनगणनेचा कारकून दारात उभा राहून 'धर्म कोणता?' असे विचारतो, उत्तर लिहून घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्याचे काम तेवढ्यात भागते. जगाच्या राजकारणात धर्म काय करतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याचे काम तेवढ्यात भागत नाही. गळ्यात एकच माळ असलेली दोन माणसे एकाच देवापुढे हात जोडतात. एक म्हणतो, शेजाऱ्याचा निकाल लाव. दुसरा म्हणतो, शेजाऱ्याचेही भले कर. कारकुनाच्या वहीत दोघे एकाच रकान्यात बसतात, पण गावाचे बरेवाईट त्या दोघांतील फरकावर ठरते.

म्हणून धर्म राजकारणात आला असे ऐकले की त्याला तीन प्रश्न विचारावेत. तो कोणाकडे मागतो आहे? कोणासाठी मागतो आहे? आणि मागताना स्वतः काय सोडतो आहे? हे प्रश्न हातात धरून दोन-तीन ठिकाणी जाऊन येऊ.

पहिले ठिकाण युक्रेन. हंटिंग्टन यांच्या भाकिताची सर्वांत मोठी परीक्षा तिथेच झाली. १९९३ च्या लेखात त्यांनी म्हटले होते की, संस्कृती हीच गोष्ट खरी असेल तर रशियन आणि युक्रेनी यांच्यात हिंसा होण्याचा संभव कमी आहे. कारण दोघे स्लाव्ह, दोघे मुख्यतः ऑर्थोडॉक्स. युक्रेनचा पश्चिम भाग वेगळ्या पंथाचा असल्याने देश दुभंगू शकतो, हे त्यांनी ग्रंथात नोंदवले, तेवढे श्रेय त्यांना द्यावे. पण २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले, ते ऑर्थोडॉक्स बहुसंख्य असलेल्या पूर्व भागावर सर्वांत जास्त कोसळले. दोन्हीकडचे भाविक आपला धर्म ९८८ सालापासून मोजतात. कीव्हच्या राजाने तेव्हा बाप्तिस्मा घेतला. रशियन त्याला व्लादिमीर म्हणतात, युक्रेनी व्होलोदिमिर. राजा एक, चित्रप्रतिमा त्याच, उपासनेची पद्धत तीच. आणि आज दोन्हीकडच्या शवपेट्यांवर तोच क्रूस आहे.

मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरील यांनी ६ मार्च २०२२ रोजी 'ख्रिस्त तारणहार' या मोठ्या मंदिरात प्रवचन केले. त्या पंथात मोठ्या उपवासाच्या आधीचा तो रविवार क्षमेचा असतो. लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. त्या दिवशी त्यांनी चाललेल्या लढ्याला पारमार्थिक अर्थ आहे असे सांगितले. सप्टेंबरमध्ये सरकारने सैन्यभरती जाहीर केली, आणि काही दिवसांत त्याच मुखातून आले की, लष्करी कर्तव्य बजावताना जो देह ठेवील त्याची सर्व पापे धुतली जातील. पुढे चर्चमधून विजयाची प्रार्थना म्हणण्याचा आदेश निघाला. मॉस्कोतील एका पुरोहिताने ती म्हणताना 'विजय' या शब्दाच्या जागी 'शांती' म्हटले. २०२३ मध्ये त्याचे पौरोहित्य काढून घेण्यात आले. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी ते त्याला परत दिले.

एका शब्दाची ही कथा नीट पाहा, माउली. धर्म तोच, वस्त्रे तीच, प्रार्थनेची चाल तीच. मागणे बदलले, आणि पद गेले. हंटिंग्टन यांच्या नकाशात हा पुरोहित आणि त्याचे प्रमुख एकाच रंगाने रंगलेले आहेत. युद्ध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रशियातील सुमारे तीनशे पुरोहितांनी शांततेचे आवाहन करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या, त्यांचाही रंग तोच. आणि तेव्हा मॉस्कोच्याच आज्ञेत असलेल्या युक्रेनमधील चर्चचे प्रमुख ओनुफ्री यांनी पहिल्याच दिवशी या युद्धाला केनच्या पापाची उपमा दिली. केन म्हणजे बायबलमधील पहिला भ्रातृहत्यारा. त्यांचाही रंग तोच.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या मंदिरात ते प्रवचन झाले, ते मूळ मंदिर स्टालिनच्या राजवटीने १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडले होते. त्या जागी पुढे पोहण्याचा तलाव झाला. त्या काळात हजारो पुरोहित मारले गेले, आणि घराघरांतून म्हाताऱ्या आयाआज्यांनी धर्म जपला. सोव्हिएत संघ गेल्यावर मंदिर पुन्हा उभे राहिले, २००० साली त्याची प्रतिष्ठापना झाली. २०२० मध्ये मॉस्कोजवळ सैन्यदलाचे स्वतंत्र मोठे चर्चही उभे राहिले. छळाला जे साधले नव्हते ते आश्रयाला साधले. छळ होत होता तेव्हा या चर्चकडे देवाशिवाय मागायला कोणी नव्हते. आश्रय मिळाला तेव्हा मागण्याचे दार बदलले. दुसऱ्या बाजूचीही नोंद करायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनने कायदा करून मॉस्कोशी संबंध ठेवणाऱ्या चर्चवर बंदीची वाट मोकळी केली. युद्ध एकदा धर्माच्या अंगणात शिरले की सरकार गाभाऱ्यापर्यंत येते, मग ते कोणत्याही बाजूचे असो.

दुसरे ठिकाण आफ्रिकेतील मोझांबिक. १७५२ पर्यंत त्या मुलखाचा कारभार पोर्तुगीज गोव्यातून चालवत, एवढे आपल्याशी जुने नाते. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि लगेच यादवी पेटली. एका बाजूला फ्रेलिमो पक्षाचे मार्क्सवादी सरकार, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गोऱ्या राजवटींनी पोसलेले रेनामो बंडखोर. लढाई आणि दुष्काळ मिळून सुमारे दहा लाख माणसे गेली. लढाईचे कारण धर्म नव्हते, त्यामुळे बांधावरच्या युद्धांत तिची गणती होत नाही. पण ती थांबवण्यात धर्माचा हात होता.

रोममध्ये त्रास्तेवेरे नावाची जुनी वस्ती आहे. १९६८ मध्ये त्या शहरात आंद्रेया रिक्कार्दी या अठरा वर्षांच्या मुलाने काही मित्र जमवले. संध्याकाळी एकत्र प्रार्थना करायची, आणि शहराच्या कडेला झोपडीत राहणाऱ्यांच्या मुलांना शिकवायचे, म्हाताऱ्यांची सेवा करायची, एवढाच त्यांचा नेम. सांत-एजिदियो नावाच्या लहान चर्चवरून त्यांच्या मंडळाला नाव पडले. मोझांबिकमध्ये धर्मकार्याला अडथळे येत होते, म्हणून तिथल्या बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिश यांच्याशी त्यांचा परिचय झाला. मंडळाने सरकारशी बोलणे केले, अन्न आणि औषधे पाठवली. गोन्साल्व्हिश बंडखोरांच्या प्रदेशात जाऊन त्यांच्या नेत्याला भेटले. असा दोन्हीकडे हळूहळू विश्वास जमला.

जुलै १९९० मध्ये मंडळाच्या रोममधील घरात, एका जुन्या मठाच्या वास्तूत, दोन्ही बाजूंचे लोक समोरासमोर बसले. रिक्कार्दी, मात्तेओ झुप्पी नावाचे तरुण पुरोहित, आर्चबिशप गोन्साल्व्हिश आणि इटलीच्या सरकारचे प्रतिनिधी मारिओ राफाएल्ली असे चौघे मध्यस्थ. पहिल्याच निवेदनात दोन्ही पक्षांनी मान्य केले की, आपण एकाच मोझांबिकी कुटुंबातले आहोत. मग सत्तावीस महिने बोलणी चालली. रुसवे झाले, खोळंबे झाले. अखेर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करारावर सह्या झाल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली शस्त्रे खाली ठेवण्यात आली, आणि १९९४ मध्ये निवडणूक झाली.

या मंडळाकडे सैन्य नव्हते, खजिना नव्हता, शत्रूवर दडपण आणण्याचे कोणतेही साधन नव्हते. मग दोघांनी त्यांचे का ऐकले? आपले तीन प्रश्न लावून पाहा. कोणाकडे मागितले? सत्तेकडे स्वतःसाठी काहीच मागितले नाही. कोणासाठी मागितले? ज्यांचा धर्म कोणता हेही विचारायची गरज नव्हती अशा उपाशी माणसांसाठी. काय सोडले? दोन वर्षांहून अधिक काळ, आणि 'कोण बरोबर' हे ठरवण्याचा मोह. ज्याला काही नको असते त्याच्या घरी दोन वैरी जेवायला बसू शकतात. हा अनुभव आपल्यालाही आहे. गावातील भाऊबंदकी मिटवायला लोक तालेवाराकडे जात नाहीत, ज्याची कोणाकडून अपेक्षा नाही अशा माळकऱ्याकडे जातात.

तिसरे ठिकाण लायबेरिया. पश्चिम आफ्रिकेतील हा छोटा देश १९८९ पासून यादवीत जळत होता. २००३ साली राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर स्वतःला धार्मिक ख्रिस्ती म्हणवत, आणि त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या मोठ्या गटात मुसलमान पुष्कळ. दोन्हीकडे लहान मुलांच्या हातात बंदुका. हंटिंग्टन यांच्या हिशोबाने हा अगदी बांधावरचा देश. त्या बांधावर बायका बसल्या. लेमा बोवी या ख्रिस्ती समाजसेविकेच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया एकत्र आल्या. पांढरे कपडे घालून, रोज, उन्हात आणि पावसात, मन्रोव्हिया शहरातील मासळीबाजाराजवळच्या मैदानात त्या बसत. राष्ट्राध्यक्षांचा ताफा त्याच रस्त्याने जाई. त्या गात, प्रार्थना करत आणि एकच मागत : युद्ध थांबवा. ख्रिस्ती बायकांनी आपल्या धर्मगुरूंना गाठले, मुसलमान बायकांनी इमामांना; तुमचे ज्याच्यावर वजन आहे त्याला सांगा, म्हणाल्या. घाना देशात बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाचे दार अडवले आणि तोडगा निघेपर्यंत कोणाला बाहेर सोडणार नाही असे बजावले. ११ ऑगस्टला टेलर देश सोडून गेले, १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. परदेशी दडपण आणि बंडखोरांचा रेटा हीही कारणे होती. पण त्या बायकांवाचून ते असे झाले नसते, हे जगाने मान्य केले. २०११ मध्ये बोवी यांना शांततेच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

आता काही शंका. पहिली अशी की, हे सगळे भाबडे आहे; प्रार्थनेने युद्धे थांबत असती तर थांबली नसती का? शंका खोटी नाही. त्याच सांत-एजिदियो मंडळाने १९९५ मध्ये अल्जीरियातील विरोधी पक्षांना रोममध्ये एकत्र आणून तोडगा काढला. तिथल्या सरकारने तो झिडकारला आणि कत्तली चालूच राहिल्या. मोझांबिकमध्येही २०१३ मध्ये पुन्हा बंदुका निघाल्या, २०१९ मध्ये नवा करार करावा लागला. धर्म हा जादूचा गंडा नाही. पण अपयश आले म्हणून मागणे चूक ठरत नाही. वैद्याचा एक रोगी गेला म्हणून आपण विष देणाऱ्याला वैद्य म्हणत नाही.

दुसरी शंका अधिक जवळची, आणि ती टाळून चालणार नाही. भगवंतांनी अर्जुनाला युद्धच कर म्हणून सांगितले ना? रणात पडलास तर स्वर्ग मिळेल, हेही दुसऱ्या अध्यायात आहे ना? मग मॉस्कोच्या प्रवचनात निराळे काय? निराळे असे की, त्याच अध्यायात थोडे पुढे, स्वर्गालाच सर्वस्व मानणाऱ्यांची बुद्धी ठरत नाही असेही भगवंत सांगतात, आणि सुखदुःख, जयपराजय समान मानून, फळाची आस सोडून कर्म कर म्हणतात. त्याहून मोठी गोष्ट महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. युद्धाआधी श्रीकृष्ण स्वतः दूत होऊन हस्तिनापुरास गेले. अर्ध्या राज्याचा हक्क असलेले पांडव पाच गावांवर समाधान मानायला तयार होते. आणि शिष्टाई फसल्यावर रणात उतरले तेही हाती शस्त्र न धरता. रथावर बसण्याआधी धर्म दूत म्हणून गेला होता, हे विसरून जो केवळ रथाचे चित्र दाखवतो, तो अर्धी गीता सांगतो. ज्यांच्यावर सैन्य चालून आले त्यांनी घरदार राखू नये, असे कोणताही संत म्हणणार नाही. प्रश्न आहे तो, ज्याच्या शब्दाला दोन्हीकडे मान होता आणि जो शिष्टाईला जाऊ शकत होता, त्याने काय केले हा.

आणि आता आपल्या घरातला पुरावा. गीतेचा शेवटचा श्लोक विजयाचा आहे. जिथे कृष्ण आणि अर्जुन तिथे विजय, असे संजय सांगतो. ज्ञानेश्वर माउलींनी त्या श्लोकावरही टीका लिहिली, ग्रंथ पुरा केला, आणि मग स्वतःसाठी नव्हे तर जगासाठी पसायदान मागितले. विजयाच्या श्लोकापाठोपाठ आलेल्या त्या मागण्यात शत्रूवरच्या विजयाचे मागणे नाही. दुष्टांचा नाश व्हावा असेही नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, आणि जीवाजीवांत मैत्र जडावे, असे आहे. आणखी एक बारकावा. त्यानंतर लगेच काही ओव्यांत माउली तेव्हाचा राजा रामदेवराव यादव याचा उल्लेख करतात, तो न्यायाने राज्य करतो असे म्हणतात. राजाचे नाव आदराने घेतले आहे, पण मागणे राजाकडे नाही. ते त्याआधीच विश्वात्मक देवाकडे मागून झालेले आहे. धर्म आणि सत्ता यांचे नाते कसे असावे, हे १२९० साली नेवाशात इतक्या थोडक्यात सांगून ठेवले आहे.

याचा अर्थ वारकऱ्याने राजकारणाकडे पाठ फिरवावी असा नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते, आणि विठ्ठलाच्या दारातून अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना आत जाऊ देत नव्हते. गुरुजींचे ते मागणे राजकारणातही गणले गेले, कायद्याशीही त्याचा संबंध होता. पण ते मागणे ज्यांना दार बंद होते त्यांच्यासाठी होते, आणि मागताना त्यांनी स्वतःचा प्राण पणाला लावला होता. दार उघडले. तीन प्रश्नांची उत्तरे इतकी स्वच्छ क्वचित मिळतात.

आजही आषाढीला राज्याचे मुख्यमंत्री पहाटे शासकीय महापूजा करतात, आणि दर्शनबारीत उभ्या असलेल्या एका वारकरी दांपत्याला त्यांच्याबरोबर पूजेचा मान मिळतो. ही प्रथा मला चांगली वाटते, कारण तिच्यात सत्ता देवाच्या दारी येते आणि रांगेतल्या माणसाशेजारी उभी राहते. जपायचे ते एवढेच की, ही दिशा उलटी होऊ नये. पालखीच्या वाटेवर ज्यांच्या तसबिरी झळकतात ते उद्या आपल्या टाळांची संख्या मोजू लागतील. मोजू देत. आपण मोजले जात आहोत हे ध्यानात ठेवावे, आणि आपले मागणे त्यांच्या हाती देऊ नये. मॉस्कोचे चर्च एका दिवसात तिथे पोचले नाही. आधी आश्रय आला, मग सन्मान आला, आणि शेवटी एका शब्दासाठी पुरोहिताचे पद गेले.

तेव्हा माउली, पुढच्या मुक्कामावर कोणी मोबाइल उघडून म्हणाला की जगात आता धर्माधर्माची लढाई आहे, झेंडा धरा, तर त्याच्याशी वाद घालू नका. शांतपणे विचारा : हा धर्म कोणाकडे मागतो आहे, कोणासाठी मागतो आहे, आणि स्वतः काय सोडतो आहे? उत्तर आले तर ऐका. न आले तर हरिपाठाची वेळ झालेली असेलच. आपल्या खांद्यावर पताका आहे. ती घेऊन आपण शेकडो वर्षे चालतो आहोत, आणि वाटेतल्या कोणत्याही गावाने तिला पाहून दार लावून घेतलेले नाही. उलट लोक पाणी घेऊन बाहेर येतात. झेंडा कसा धरावा हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. शिकलेले विसरायचे नाही, एवढेच.

राम कृष्ण हरी.